वेशीच्या आंतून लिहिलेली वेशीबाहेरची कथा

१९३५ सालीं लंडन शहरीं मुल्कराज आनंद यांची ‘अन्टचेबल’ नांवाची इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखक पेशावरास जन्मलेले व जातीनें स्पृश्य; नायक बाखा हा लष्करी छावणीच्या गांवीं शौचकूप झाडणाऱ्या कुटुंबांतला तरुण मुलगा. त्याच्या एका दिवसाची ही हकीकत आहे. तिला ई. एम. फॉर्स्टर या प्रख्यात इंग्रज कादंबरीकारांनीं प्रस्तावना लिहिली व तींत असें प्रतिपादन केलें कीं, हें पुस्तक कोणा युरोपियनास लिहितां आलें नसतें, कारण त्यास इतकी माहिती नसते. आणि तें अस्पृश्यासहि लिहितां आलें नसतें, कारण तो स्वतःच्या संतापांत आणि स्वतःविषयींच्या कींवेंत गुंतून पडला असता. म्हणजे फार दूरचा नको आणि फार जवळचाहि नको. बेताच्या अंतरावर उभा असलेला स्पृश्य हिंदी गृहस्थ हाच काय तो या कामास योग्य!

फॉर्स्टरसाहेबांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. असलें पुस्तक छापावयास त्या काळीं प्रकाशक धजत नव्हते, आणि त्यांच्या शब्दाचा आनंद यांस आधार झाला, हें खरें. परंतु त्यांच्या विधानाचा दुसरा भाग तपासूं गेल्यास तो आधींच ऐंशी वर्षें खोटा ठरून चुकला होता. १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीचा निबंध छापून आला. विषय, मांग-महारांचें दुःख. मुलगी अजून लहान वयाची. तिच्या लेखांत संताप आहे; परंतु तो तिला आंधळी करीत नाहीं, उलट त्याच्याच जोरावर ती मुरलेल्या वकिलासारखा प्रश्न टाकते: वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हांस धर्मपुस्तक नाहीं हें उघड झालें; मग आमचा धर्म कोणता, तें सांगा. यांत स्वतःची कींव कोठें आहे? पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोपाळबाबा वलंगकर लिहूं लागले, १९०८ सालीं पुण्यास शिवराम जानबा कांबळे यांनीं ‘सोमवंशीय मित्र’ काढला, १९२० सालीं ‘मूकनायक’ आणि १९२७ सालीं ‘बहिष्कृत भारत’ निघाला. लंडनच्या इंग्रज लेखकास हीं मराठी पत्रें ठाऊक नसावीं यांत नवल नाहीं. पुण्या-मुंबईच्या साहित्यिक मंडळींच्या मेजावर तरी तीं किती पडत होतीं, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

हा जुना वाद आज उकरून काढण्याचें कारण असें. आमच्या वाचकांपैकीं बहुतेक शहरांत राहणारे, दुकान-पेढी संभाळणारे, संध्याकाळीं चार पानें वाचणारे गृहस्थ व गृहिणी आहेत. दलित वस्तीचें त्यांचें ज्ञान तेथें जाऊन-येऊन मिळविलेलें नाहीं. तें कथा-कादंबऱ्यांतून, आणि त्यांवरून निघालेल्या चित्रपटांतून आलेलें आहे. त्याच ज्ञानावर विसंबून भाड्याची खोली कोणास द्यावयाची, दुकानांत गल्ल्यावर कोणास बसवावयाचें, मुलीनें कोणाच्या घरीं जेवावें, हे निकाल रोज लागत असतात. आणि तीं पुस्तकें कोणीं लिहिलीं? बव्हंशीं बाहेरच्यांनीं. व्यापारी मनुष्य माल घेतांना तो कोणत्या पेठेचा, वजन कोणीं केलें, मधला अडत्या कोण, हें विचारल्याखेरीज पैसा सोडीत नाहीं. दुसऱ्याच्या आयुष्यावर लिहिणारा कादंबरीकार हा अशा मालाचा अडत्याच होय. अडतीचा धंदा कांहीं पाप नव्हे. मात्र अडत्यानें शेतकऱ्याचें पोतें उसवून त्यांत आपल्या पसंतीचे दाणे मिसळले, वर आपला शिक्का मारला, आणि शेतकऱ्यास पिकवितां येत नाहीं म्हणून आम्हींच पिकविलें असें सांगूं लागला, तर आपण त्यास काय म्हणूं?

मिसळ कोठें होते तें एका उदाहरणानें सांगतों. बाखाच्या दिवसांत अपमानामागून अपमान आहेत. बाजारांत एका सवर्णास चुकून त्याचा स्पर्श होतो, भोंवतीं गर्दी जमते, थप्पड बसते. त्याच्या बहिणीवर देवळाचा पुजारी हात टाकतो आणि तिनें विरोध करतांच आपणच विटाळलों म्हणून ओरड करतो. हीं चित्रें खरीं आहेत, आणि तीं प्रथमच इंग्रजी कादंबरींत आणण्याचें धैर्य आनंद यांचें आहे. परंतु बाखा दिवसभर काय करतो? सहन करतो, मनांत जळतो, पुन्हा सहन करतो. एका मुलास पैसे देऊन त्यास वाचावयास शिकावयाचें आहे, अशी एक सुंदर ठिणगी लेखकानें टाकिली आहे खरी. ती पुढें पेटत नाहीं. आतां याच्या शेजारीं ओमप्रकाश वाल्मीकि यांचें ‘जूठन’ हें १९९७ सालीं निघालेलें हिंदी आत्मकथन ठेवा. वाल्मीकि हे उत्तर प्रदेशांतील मुजफ्फरनगर जिल्ह्यांतल्या बरला गांवचे, आणि त्याच झाडूवाल्या जातीचे. गांवांतल्या सधन घरीं लग्न होतें. लेखकाची आई दहा-बारा दिवस राबली. पंगती उठल्यावर तिनें पोरांसाठीं थोडें ताजें अन्न मागितलें, तेव्हां घरधन्यानें उष्ट्यांच्या टोपलीकडे बोट करून तिला तिची पायरी दाखविली. त्या निरक्षर बाईनें ती टोपली तेथेंच पालथी केली, ती त्यास सामोरी झाली आणि मुलांना घेऊन निघून गेली. पुन्हा त्या दारीं ती गेली नाहीं.

ही बाई बाखाच्या कादंबरींत कोठेंहि नाहीं. असल्या बाया १९३५ सालीं जन्मल्या नव्हत्या काय? होत्याच. परंतु बेताच्या अंतरावरून पाहणारास थप्पड दिसते, कारण ती बाजारांत बसते. टोपली पालथी झालेली दिसत नाहीं, कारण ती ज्याच्या दारांत झाली तो ती गोष्ट कोणास सांगत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे. बाहेरच्या कादंबरीकारांत दयेची उणीव नाहीं. दया त्यांच्यापाशीं भरपूर आहे. ते आपल्या दलित पात्रास दुःख देतात, पाणीदार डोळे देतात, प्रसंगीं देखणें शरीरहि देतात. देत नाहींत ती बुद्धि. त्यास स्वतःच्या स्थितीविषयीं कांहीं निश्चित मत आहे, त्यानें शेजाऱ्याशीं त्याची चर्चा केली आहे, चार सभा ऐकिल्या आहेत, एखाद्या पत्रकाची वर्गणी भरली आहे, हें त्यांच्या ध्यानींमनीं येत नाहीं.

‘अन्टचेबल’च्या शेवटीं बाखापुढें तीन उपाय मांडले जातात. एक ख्रिस्ती मिशनऱ्याचा, दुसरा महात्मा गांधींचा आणि तिसरा एका आधुनिक कवीचा. तो म्हणतो कीं, पाण्यानें आपोआप मैला वाहून नेणारें यंत्र येऊं द्या, म्हणजे झाडूवाला मोकळा झाला. तिन्ही उपाय सांगणारे बाहेरचे. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर हजारों अस्पृश्य पाण्यास उतरले होते. १९३० सालीं नाशिकास काळाराम मंदिरापुढें सत्याग्रह सुरू झाला होता. १९३२ सालीं पुणें करारावर डॉ. आंबेडकरांची सही झाली होती. आणि कादंबरी निघाली त्याच १९३५ च्या ऑक्टोबरांत, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें त्यांनीं येवल्यास जाहीर केलें. येवल्याची गोष्ट कादंबरीकारास आधीं कशी ठाऊक असणार, हें मान्य. पण महाडची होती, पुण्याची होती. इतकें असून बाखाच्या कानीं त्याच्याच लोकांपैकीं एकाहि पुढाऱ्याचें भाषण पडूं नये, हा योगायोग म्हणावा काय?

आणि तिसऱ्या उपायाचें पुढें काय झालें तेंहि पाहावें. शहरोशहरीं यंत्र आलें. डबे गेले, गटारें आलीं. त्या गटारांत उतरणारी माणसें मात्र बव्हंशीं त्याच जातींचीं राहिलीं. मैला हातानें उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयास, १९९३ पासून गटारांत गुदमरून मेलेल्यांच्या कुटुंबांस दहा दहा लक्ष रुपये द्या, असा हुकूम करावा लागला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें तीच रक्कम तीस लक्ष करावी लागली. कवीचें गणित चुकलें, कारण त्याच्या डोळ्यांस घाण दिसली. ती घाण अमक्याच कुळांतल्या माणसानें काढावी ही योजना दिसली नाहीं. बाहेरून पाहणारास पहिल्यानें घाणच दिसते. आंत राहणारास तिची संवय असते, आणि म्हणून त्याची नजर योजनेवर जाते.

प्रेमचंदांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्यांस आनंद यांच्या पंक्तीस सरसकट बसवितां येणार नाहीं. ‘सद्गति’ ही कथा १९३१ च्या सुमाराची. दुखी चांभार मुलीच्या साखरपुड्याचा मुहूर्त काढावयास पंडिताकडे जातो, पंडित त्यास उपाशीपोटीं लांकडाचा ओंडका फोडावयास लावतो, आणि तो तेथेंच मरून पडतो. प्रेताला शिवावयाचें कोणीं? शेवटीं पंडित दोरीचा फांस टाकून तें गांवाबाहेर ओढून नेतो. या कथेंत दुखी हा नुसता बळी आहे, त्यास स्वतःचें असें फारसें कांहीं नाहीं, परंतु पंडित! त्याचें जेवण, त्याची दुपारची झोंप, विस्तव मागणाऱ्या चांभारावर त्याच्या बायकोचें खेंकसणें आणि मागाहून तिला आलेली किंचित् दया, आणि प्रेत दारांत पडल्यावर दोघांची उडालेली त्रेधा, या साऱ्यांत एक रेघ खोटी नाहीं. कारण तें घर प्रेमचंदांच्या ओळखीचें आहे. हीच लेखणी ‘कफन’मध्यें चांभाराच्या झोंपडींत शिरते तेव्हां काय होतें? घरांत सून प्रसूतिवेदनांनीं तडफडत आहे आणि बाहेर सासरा व नवरा भाजलेले बटाटे खात बसले आहेत. ती मेल्यावर कफनासाठीं जमविलेल्या पैशांची ते दारू पितात. कथा जबरदस्त आहे. भुकेनें आणि फुकट राबण्यानें माणसाचें काय होतें हें तींत आहे, हा तिच्या कैवाऱ्यांचा दावाहि आम्ही नाकारीत नाहीं. पण दलित टीकाकारांनीं विचारलेला एक साधा प्रश्न आहे. उत्तर हिंदुस्थानच्या खेड्यांत सुइणीचें काम पिढ्यान्‌पिढ्या चांभार स्त्रियाच करीत आल्या. जमीनदाराच्या सुनेचें बाळंतपण त्यांनींच करावयाचें. त्याच चांभारांच्या वस्तींत एक चांभारीण रात्रभर विव्हळते आणि एकहि सुईण शेजारून धांवत येत नाहीं, हें कसें? याचें उत्तर कथेंत नाहीं. ज्यास ती वस्ती आंतून ठाऊक आहे त्याला हें अडलें. बाकीच्या आम्हां वाचकांस इतक्या वर्षांत अडलें नाहीं.

२००४ सालीं दिल्लींत प्रेमचंदांच्या ‘रंगभूमि’ कादंबरीच्या प्रती जाळण्यांत आल्या. तींतील अंध नायक सूरदास हा चांभार आहे. कादंबरी जाळणें आम्हांस रुचत नाहीं. १९२७ च्या डिसेंबरांत महाडास मनुस्मृति जाळली ती गोष्ट वेगळी. ती शासन करणारी पोथी होती, कादंबरी कोणास शासन करीत नाहीं. तथापि तीच कादंबरी शाळेंत नेमली, मास्तर ती मोठ्यानें वाचूं लागले, पानोपानीं जातीचा तो शब्द येऊं लागला, आणि प्रत्येक वेळीं वर्गांतलीं चाळीस मुलें वळून एकाच बांकाकडे पाहूं लागलीं, तर त्या बांकावरच्या मुलास ती कादंबरी राहते कीं शासन होते, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं ठरवावें.

आणखी एक लक्षण सांगतों. तें पुस्तकांच्या शेवटच्या पानांवर सांपडतें. या कादंबऱ्यांतला दलित नायक बहुधा मरतो. दुखी मरतो. अरुंधती रॉय यांच्या ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ या १९९७ च्या कादंबरींतला वेलुता, हातांत कसब असलेला सुतार, पोलिसांच्या मारानें मरतो. रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘अ फाइन बॅलन्स’ (१९९५) मध्यें चांभाराचा मुलगा शिंपी होतो, गांवीं परततो, आपलें मत आपल्याच हातानें टाकीन म्हणून हट्ट धरतो, आणि त्यापायीं हालहाल होऊन मारला जातो. मिस्त्री हे मुंबईचे पारशी, जातिव्यवस्थेच्या एका अर्थीं बाहेरचेच. त्यांनीं निदान त्या माणसास मत दिलें आणि तें मागण्याची बुद्धि दिली, हें त्यांचें श्रेय मोठें आहे. असले खून प्रत्यक्षांत होतात, हेंहि कोणी नाकारीत नाहीं. परंतु नायक मेला कीं वाचक सुटतो. अश्रू पुसून पुस्तक मिटतां येतें. त्याच्याशीं उद्यां व्यवहार करावयाचा उरत नाहीं. आत्मकथनाची मुख्य अडचण आम्हां सवर्ण वाचकांस हीच वाटत असावी कीं, तें लिहिणारा जिवंत असतो. दया पवारांचा दगडू मारुती पवार १९७८ सालीं ‘बलुतं’ सांगावयास बसला तेव्हां तो सरकारी नोकरींत होता, तुमच्याआमच्यासारखा लोकलनें जात-येत होता, आणि शेजारच्या बांकावर बसलेला होता.

बाहेरच्यास नायक जिवंत ठेवतांच येत नाहीं, असें मात्र नव्हे. १८९२ सालीं मलबारांत पोतेरी कुंजंबु या वकिलानें ‘सरस्वतीविजयम्’ नांवाची मल्याळी कादंबरी लिहिली. कुंजंबु स्वतः तिय्या जातीचे, नायक त्यांच्याहून खालचा गणलेला पुलया. नंबुद्रि जमीनदाराच्या हुकुमावरून मरेतों मारलेला हा पुलया जगतो, शिकतो, न्यायाधीश होतो, आणि त्याच नंबुद्रीचा खटला त्याच्यापुढें चालतो. कोणी म्हणेल, ही स्वप्नरंजनाची कथा. असेना! कुंजंबूंनीं पुलयांच्या शिक्षणासाठीं प्रत्यक्ष खटपट केली होती. शाळेंत बसलेला मुलगा त्यांनीं पाहिला होता, म्हणून खुर्चींत बसलेला न्यायाधीश त्यांस दिसूं शकला. म्हणजे जन्म ही अडचण खरी, पण ती ओलांडतां न येण्याजोगी नाहीं. लेखकानें कोठें उभें राहावयाचें हें पुष्कळ अंशीं त्याच्या पसंतीवर आहे.

मराठींतहि हाच अनुभव येतो. श्री. म. माटे यांनीं पुण्यास अस्पृश्यांच्या वस्त्यांत वर्षानुवर्षें शाळा चालविल्या, त्याबद्दल स्वजातीयांकडून ‘महार माटे’ हें नांव मिळविलें, आणि मग १९४१ सालीं ‘उपेक्षितांचें अंतरंग’ प्रसिद्ध केलें. त्या कथांत उपदेशकाचा सूर मधून मधून ऐकूं येतो. तरी हा लेखक त्या दारांत उभा राहिलेला आहे हें कळतें. मालतीबाई बेडेकर यांनीं सोलापुरास, गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणांत नोकरी केली आणि विभावरी शिरूरकर या नांवानें १९५० सालीं ‘बळी’ लिहिली. त्यांचा तो अनुभव खरा. पण तो कुंपणाच्या कचेरींतून आलेला. कुंपणाच्या आंत रात्रीं काय चाले, पोलिसाचा हप्ता कसा ठरे, आणि मुलास शाळेंत घातल्याबद्दल जमातच बापावर कशी उठे, हें कळावयास लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ची (१९८७) वाट पाहावी लागली. यांत मालतीबाईंस उणेपणा नाहीं. त्यांचें पुस्तक कचेरीचें म्हणून वाचावें, घरचें म्हणून वाचूं नये, इतकेंच.

विजय तेंडुलकर यांचें उदाहरण तर एकाच लेखकाच्या दोन जागा दाखवितें. १९७२ सालीं नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला त्यांनीं प्रस्तावना लिहिली, त्यासाठीं ते ढसाळांबरोबर त्या वस्तींतून हिंडले, अडलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनीं कवीस विचारले, आणि आपल्याला हें जग ठाऊक नव्हतें हें उघड केलें. प्रतिष्ठित लेखकानें नवख्या कवीपुढें असें विद्यार्थी होऊन बसणें हा आमच्या वाङ्मयांतला दुर्मिळ प्रसंग आहे. अकरा वर्षांनीं, १९८३ सालीं, त्यांनींच ‘कन्यादान’ लिहिलें. हें नाटक असलें तरी येथें प्रस्तुत आहे. समाजवादी पुढाऱ्याच्या ब्राह्मण मुलीनें दलित कवीशीं लग्न करावें आणि त्यानें तिला मारहाण करावी, हें पाहून दलित वाचक-प्रेक्षक खवळले. पुढें या नाटकास सरस्वती सन्मान मिळाला तेव्हां वाद पुन्हा उठला. असा नवरा जगांत नसतो असें कोणी म्हणत नाहीं. परंतु नाटक नीट वाचून पाहावें. सासऱ्याचें, म्हणजे नाथ देवळालीकरांचें, मन लेखकानें घडी घडी उलगडून दाखविलें आहे. त्यांचा आदर्शवाद, त्यामागची हौस, जांवयाच्या पुस्तकाची स्तुति करतांना होणारी घुसमट, सारें आंतून आलें आहे. जांवयाच्या हिंसेला मात्र त्याच्या जातीच्या भूतकाळाखेरीज दुसरें कारण नाहीं. एकीकडे माणूस, दुसरीकडे दाखला. १९७२ सालीं शब्दांचे अर्थ विचारणारे तेंडुलकर या वेळीं तो प्रश्न विचारावयास विसरले, असें आम्हांस वाटतें.

यावर ठराविक आक्षेप येतो. तर मग दलितानें दलितावर, ब्राह्मणानें ब्राह्मणावर आणि वाण्यानें वाण्यावरच लिहावें काय? वाङ्मयांतहि ही शिवाशिव आणावयाची? आक्षेप चतुर आहे, परंतु तो ज्यांच्या तोंडीं असतो त्यांनीं वेशीच्या आंतल्या विहिरीवर, खोलीच्या भाड्यांत आणि पंगतींत हाच उदारपणा दाखविलेला असता तर त्यास अधिक वजन आलें असतें. आम्ही कोणाच्याहि लेखणीस बंदी करूं इच्छीत नाहीं. बाहेरच्यानें जरूर लिहावें. फक्त त्यानें वेशीच्या आपल्या बाजूची भिंत आधीं लिहावी, एवढी सूचना करितों. वेस ही एकट्या महारवाड्याची नसते; तिला आंतली बाजू असते, आणि ती बांधली आंतल्यांनींच. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत निराळा ठेवलेला कप. आडनांव विचारण्याची ती गोड रीत. जाहिरातींत न छापतां दलालास तोंडीं सांगितलेली अट. या गोष्टी सवर्ण लेखकाइतक्या बारकाईनें कोण सांगूं शकेल? कन्नड भाषेंत अनंतमूर्तींनीं ‘भारतीपुर’ (१९७३) मध्यें हेंच केलें. त्यांचा विलायतेहून परतलेला ब्राह्मण नायक दलितांस देवळांत नेण्याचा विडा उचलतो, आणि लेखक त्या नायकाच्या आत्मतुष्टीची साल काढीत जातो. अशी कादंबरी मराठींत फार थोड्यांनीं लिहिली, कारण महारवाड्यावर लिहून सहृदय म्हणवून घेतां येतें आणि माजघरावर लिहिल्यास माजघर रागावतें.

आंतल्यानें लिहिलें म्हणजे तें सर्व सत्य, असाहि आमचा दावा नाहीं. वस्तीलाहि ओसरी असते, आणि ओसरीवर बसणाऱ्या पुरुषास आंतल्या चुलीपाशीं काय चाललें आहे तें दिसत नाहीं. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या पुस्तकांत महार घरांतल्या सुनेवर महार घरानेंच केलेले जुलूम आहेत. असलें चित्र पुरुषांच्या आत्मकथनांत क्वचितच उमटलें. म्हणजे बाहेरच्या आंत आणखी एक बाहेर असतें. तो भेद मिटवितां येत नाहीं. पण पुढचें दार उघडावयास प्रत्येक वेळीं आंतलेंच कोणी तरी लागतें, हें यावरून दिसतें.

आतां आमच्या व्यापारी वाचकांशीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. तुमच्यापैकीं अनेक जण वाचनालयांचे आश्रयदाते आहां, शाळांच्या बक्षीस समारंभांस पुस्तकें देतां. यादी आली म्हणजे सही करण्यापूर्वीं एकदां पाहावें. दलित जीवनावरील म्हणून जीं पुस्तकें तींत असतील त्यांतलीं किती त्या जीवनांतल्यांनीं लिहिलेलीं आहेत? अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही १९५९ ची कादंबरी तींत आहे काय? तिचा नायकहि शेवटीं मरतो. पण तत्पूर्वीं दुष्काळांत उपाशी मरणाऱ्यांसाठीं लूट करण्याचा निर्णय तो स्वतः घेतो, आणि त्या निर्णयाची किंमत त्यास ठाऊक असते. बाबुराव बागुलांचें ‘जेव्हां मी जात चोरली होती’ तींत आहे काय? नसल्यास यादी परत पाठवावी.

दुसरी गोष्ट. दलित लेखकांस व्याख्यानास बोलाविलें जातें तें बहुधा १४ एप्रिलच्या किंवा ६ डिसेंबरच्या आसपास, आणि विषयहि ठरलेला असतो. एखाद्या साध्या श्रावणांत त्यांस बोलवावें, आणि पांढरपेशा कुटुंबाच्या एखाद्या गाजलेल्या कादंबरीवर बोलावयास सांगावें. कारण बाहेरून पाहण्याची कला एकट्या सवर्णांस अवगत आहे असें समजणें चुकीचें होईल. आमच्या घरांतलीं भांडीं घासणाऱ्या बाईस आमच्या घरांतलें जितकें ठाऊक असतें त्याच्या शतांशहि तिच्या घरांतलें आम्हांस ठाऊक नसतें. उष्टें कोणाचें, भांडण कशावरून, औषध कोणतें, देवापुढें काय मागणें चाललें आहे, सारें तिनें पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलें आहे. तिच्या शिकलेल्या मुलीनें उद्यां आमच्या घरावर कादंबरी लिहिली तर आमच्यांत कोण नायक ठरेल आणि शेवटच्या पानावर आमचें काय होईल? त्या कादंबरीची मागणी कोणा वाचनालयाच्या सूचनावहींत नोंदविल्याचें अद्याप आमच्या ऐकिवांत नाहीं.